तिरपं

तंबूवाल्यांनी चार वाजताच जागा धरल्या.
खिंडसीच्या काठाला, उईकेच्या वावरात,
ढेकळं फोडत, खडे वेचत.
बोकडे तर पाण्याची बाटली आडवी ठेवून
उतार मोजत होता.

मी नुसती दोन झाडं शोधत फिरलो.
सहा पावलांचं अंतर, खोड मांडीएवढं तरी जाड,
वर वाळकी फांदी नको.
एकतीस वर्षं नागपुरात लाइनमन होतो,
कुठल्याही उभ्या वस्तूकडे पाहताना
आधी एवढंच मनात येतं : भार पेलेल का?
(निरंजना म्हणते, जावयालाही तसंच पाहिलं तुम्ही.)

एक ऐन मिळाला. दुसरा मोह.
उईके बांधावरून हसला.
"मोहाले नोका बांधू, भाऊ.
फुलं पडून राह्यले. पहाटं अस्वल येते.
थे काही तुमाले उठवत नाही बसनार."
मग दोर सोडला आणि तेंदूला नेला.
मोह चार हातांवर राहिला.

इतवारीतून आणलेला दोर, पॅराशूटचं कापड.
ऐनाला निरगाठ, तेंदूला सरगाठ,
सकाळी एका झटक्यात सुटावी म्हणून.
"यात कूस कशी बदलता काका?" मेश्रामच्या पोरानं विचारलं.
सांगितलं, सरळ झोपलं की माणसाचं केळं होतं.
तिरपं झोपायचं. डोकं एका काठाला, पाय दुसऱ्या,
मग कापड आपोआप सपाट होतं पाठीखाली.
आणि थंडी वरून येत नाही, बाबू,
खालून येते, तळ्यावरून, झोळीच्या पोटाला लागते.
म्हणून ही वाकळ
अंगावर नाही, खाली लटकवलेली.
कूस बदलण्याचं राहिलंच सांगायचं.

रात्री तंबूंच्या चेनी एकामागून एक ओढल्या गेल्या.
आतल्या बॅटऱ्यांनी ते जरा वेळ
वावरात ठेवलेल्या केशरी कोहळ्यांसारखे दिसले,
मग तेही नाही.
मी बोटांनी जमीन ढकलली. दोर करकरला.
ऐन काही बोलला नाही.

नैऋत्येला झाडांच्या वर मळकट पिवळा उजेड,
ते नागपूर. पारडी, वाठोडा, कळमना,
त्यातले किती खांब माझ्या पोटऱ्यांना पाठ आहेत.

पट्ट्यावर भार टाकायला मला वामन गजभियेनं शिकवलं.
"हात सोड," खालून ओरडायचा,
"खांबावर मानूस हातानं नाही, पाठीनं उभा राह्यते.
टाक मांगं. पडत नाहीस."
तोच वामन, मे महिन्यात, कळमन्याला,
लाइन बंद आहे एवढं फोनवर ऐकून चढला.
पट्ट्यानं त्याला पडू दिलं नाही.
वीस मिनिटं.
बाजारातले हमाल मागून म्हणाले,
आमाले वाटलं, भाऊ आराम करून राह्यले.

त्यानंतरही चढलो, हजार वेळा तरी.
पण पाठ पूर्ण टाकली नाही कधी.
चार बोटं जागा राखून ठेवायचो
पट्टा आणि मी यांच्यामध्ये.
घरी गादीवरसुद्धा. निरंजनाला ते माहीत आहे,
कधी विचारलं नाही तिनं.

दोन वाजले असतील.
दोरावरून मुंगळे चालले होते, ऐनाकडून तेंदूकडे,
माझ्या डोक्यावरून त्यांचा रस्ता.
एक मोजला, दुसरा मोजला,
आणि पाठ कधी गेली, कळलं नाही.
कापड जरासं खाली आलं, बस.
खाली काहीच नव्हतं, नुसता वारा आणि वाकळ.
वामन, मी पडलो नाही.

पहाटे टप्.
मग टप् टप्, बोकडेच्या तंबूवर.
आतून घाबरा आवाज : "कोन हाय बे?"
"मोह," मी म्हणालो
आणि कूस बदलली.
बदलता येते.
पोराला सांगायला पाहिजे.