गाडी सुटण्याचा भाग

खोका आला तेव्हा अप्पांनी आधी वजन पाहिलं,
हातात तोलून, रिळाचा डबा तोलायचे तसं.
"एवढ्यात अख्खं पिक्चर?"
चौदा रिळं होती ती. हुबळीहून यायची
पहाटेच्या पॅसेंजरनं, दोन पत्र्याच्या पेट्यांत,
मग स्टेशनापासून कॅम्पापर्यंत सायकलच्या कॅरियरवर.

आता दोन तबकड्या. जाड पुस्तिका,
नटीचे सहा फोटो, जुन्या तिकिटाची नक्कल,
मखमली कप्पा, झाकणावर सोनेरी अक्षरं:
संग्राहकांसाठी, मर्यादित आवृत्ती.
सबटायटल्स अकरा भाषांत.
मराठी नाही. कन्नडही नाही.
"बरं झालं," अप्पा म्हणाले, "भांडण नको."

प्लेअर कुणाकडेच नव्हता.
खडेबाजारात दस्तगीरनं माळ्यावरून एक काढला,
फुंकर मारली. चालतोय, म्हणाला, पण रिमोट नाही.
एकदा लावलं की थांबत नाही, मॅडम.

रविवारी चारला गणेशपूरहून यल्लूबाई हुंदरे आल्या
नातवाच्या स्कूटरवरून, पिशवीत रताळी.
पायरीवर चपला काढता काढताच विचारलं,
"पुरतं हाय न्हवं?"

एकाहत्तरचा डिसेंबर.
खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर दिवा नाही.
लाइनीतल्या बायका मॅटिनीला यायच्या,
इंग्रजी ओ की ठो कळत नसताना.
फलाटावर ती, डब्याच्या दारात तो,
वाफ, शिट्टी, आणि गाडी हलली की
मशीनच्या घरघरीवरून वर केबिनपर्यंत
हुंदके चढून यायचे.
तिसऱ्या दिवशी अप्पांनी कात्री घेतली.
नवव्या रिळातली तीन मिनिटं कापली,
टोकं खरवडली, सिमेंट लावलं, दाबून धरलं.
त्यानंतर आमच्या गावात ती गाडी सुटलीच नाही.
तो दारात उभा, आणि पुढच्या क्षणाला
लढाई संपलेली, चर्चच्या घंटा.
कुणी तक्रार केली नाही.

तार आली त्याच्या महिन्यानं
यल्लूबाई लोखंडी जिना चढून केबिनच्या दारात.
वय चोवीस, पोटात सातवा.
"सासूनं स्टेशनावर जाऊ दिली न्हाई मला.
ह्यातली तरी गाडी जाऊ दे की वो."
प्रिंट हुबळीला परत गेली होती.
आणि तुकडा, मालकाला कळेल म्हणून,
अप्पांनी बंबात घातला होता.

पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलंय:
हा भाग काही प्रिंट्समध्ये आढळला नाही,
कारण अज्ञात.
मी मोठ्यानं वाचलं.
अप्पा चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

चित्र इतकं स्वच्छ की परकं वाटलं.
एक ओरखडा नाही. तिच्या गालावरची लव दिसते.
अप्पा मात्र तिला बघतच नव्हते,
डोळे उजव्या कोपऱ्यात, वर,
जिथं रीळ संपताना ठिपका यायचा.
"ठिपके पुसले गं त्यांनी," हळूच म्हणाले.
"आता बदलायचं कधी, कुणाला कळणार?"

मग फलाट.
मग वाफ.
जोड होती ती जागा आली
आणि अप्पांचा पंजा आपोआप वर उठला,
लेन्ससमोर धरायचे तसा.
पण हा उजेड समोरून येतो,
हात धरून अडत नाही.
गाडी हलली.

तीन मिनिटं. मोबाइलमधून नातवानंही मान वर केली.
शेवटचा डबा बारीक होत गेला,
मागं फलाटावर एक हमाल, उडता कागद,
आणि दारातून वाकलेलं ते डोकं,
दिसेनासं होईपर्यंत वळलेलंच.

यल्लूबाईंनी पदर सारखा केला.
"म्हागं बघत हुता की वो त्यो," म्हणाल्या,
"सगळा येळ."

अप्पा काहीच बोलले नाहीत.
आत रताळी उकडत लावली होती, वास सुटला.
रिमोट नव्हता,
त्यामुळे लढाई पुढं चालूच राहिली.