रकाना क्रमांक अकरा

माझ्या पिशवीत बेचाळीस फायली
आणि एक छत्री, जी मी हमखास कुणाच्या तरी घरी विसरते.
फायलीवर नाव, वय, टक्केवारी.
टक्केवारी सीपीआरच्या खिडकीत मिळते, गोल शिक्क्यासह,
आणि माणूस तिथून बाहेर येतो
मगाशी आत गेला होता तेवढाच.

धैर्यशील मगदूम, वय चौतीस, पंच्याहत्तर टक्के, राहणार उचगाव.
रकाना चार, दात घासणे : मदतीने.
रकाना सहा, पैशाचा व्यवहार : नाही.
रकाना सात, एकट्याने प्रवास : नाही.
ह्या शेवटच्या 'नाही'वर मी तीन महिने घातले.

पहिला महिना केएमटीत त्याच्या शेजारी,
दुसरा मागच्या सीटवर,
तिसरा अगदी शेवटी, पेपर उघडून, ओळख नसल्यासारखी.
तो सारखा वळून बघायचा, मी आहे ना म्हणून.
कंडक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही त्याला पोचवताय
का त्यो तुम्हास्नी?"
सांगणार होते काहीतरी. तेवढ्यात स्टँड आला.

तावडे हॉटेल, मार्केट यार्ड, ताराराणी चौक, स्टँड.
चार बोटं.
थांबा आला की एक बोट मिटायचं,
मूठ झाली की उतरायचं.

मग तो एकटा जाऊ लागला.
मी रकाना सात खोडला, त्यावर सही केली,
त्या दिवशी स्वतःला एक मिसळ खाऊ घातली.
पंधरा दिवसांनी कार्यशाळेतून फोन :
मुलगा रोज तासभर उशिरा येतो.
म्हटलं, बस उशिरा असेल.
पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन उभी राहिले.
बस आली, रिकामी झाली, कंडक्टरही उतरून चहाला गेला.

अक्काताईंना फोन केला नाही.
स्कूटर उलटी वळवली
आणि एकेक बोट उघडत मागं निघाले.
ताराराणी चौकात नव्हता.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा चाललेला,
रव्यांच्या रांगा, ओरडा, माश्या, तो गोड उग्र वास.
फायलीत लिहिलंय, गोंगाट सहन होत नाही.
धैर्यशील एका गाळ्यापुढं मांडी घालून
गुळाच्या फडक्यांच्या घड्या घालत होता,
कोपऱ्याला कोपरा, जिभेचं टोक बाहेर.
उजव्या हाताची दोन बोटं तशीच मिटलेली.
उरलेल्या तीन बोटांनी घडी.

"दसऱ्यापास्नं येतोय की," दस्तगीर हमाल म्हणाला.
"फडकी घालतोय, खडा खातोय,
मग मीच बशीत बसवून देतोय. दोन बोटं मिटल्याली, तशीच ऱ्हाऊ दे म्हन्तो.
तुम्ही कोन त्याच्या?"
ओळखपत्र पिशवीत खाली गेलं होतं.
मी शोधेपर्यंत धैर्यशीलनंच सांगितलं,
"छत्री."

संध्याकाळी उचगावला.
रकाना अकरा : पालकांच्या पश्चात जबाबदारी कोण घेणार?
नाव, नातं, आधार क्रमांक, सही.
अक्काताई भाकरी थापत होत्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या,
"माझ्या आधी ह्यो गेला तर बरं, असं येतं बघा मनात.
आन् मग त्या राती मी त्याला दोन घास जास्तीचं वाढते."
तव्यावरची भाकरी फुगली. उलटायची राहिली.
धैर्यशीलनं ताट पुढं ओढलं.

मी पेन खाली ठेवून पेन्सिल काढली :
गाळा नऊ, दस्तगीर. विचारायचं आहे.
नात्याच्या जागी काय लिहावं सुचलं नाही.
ऑफिसात पेन्सिल चालत नाही, माहीत आहे मला.
आणि रकाना सहाचंही विचारायचंय वरच्यांना,
फडक्यांच्या घड्या देऊन गुळाचा खडा घेणं
व्यवहारात धरतात का.

उद्या सकाळी सीपीआर, मुजावरांची मुलगी, नवी फाईल, त्रेचाळीसावी.
रेल्वे फाटकापाशी आठवलं,
छत्री राहिली.
वळले नाही.