चारच्या आत

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय.
एका कोपऱ्यावर मेथीची जुडी, दुसऱ्यावर मिठाची बरणी,
नाहीतर तो सारखी गुंडाळी होऊ बघतो.
डिसेंबर. जेल रोडवर आठ वाजले तरी धुकं हटत नाही,
निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आलाय,
द्राक्षवाले रात्रभर बागांतून शेकोट्या पेटवतायत.
हेमांगी म्हणते, लोक थंडीत गोधडी शोधतात,
तुम्ही वाळवंट.

मी पेन्सिलीनं रेघ ओढतो:
वणी, सापुतारा. पहिला मुक्काम.
"ऐंशी किलोमीटर? तिथं तर आपण भजी खाऊन परत येतो."
या वेळी परत यायचं नाही, एवढाच फरक.
मग वघई, व्यारा, राजपिपळा,
मोठे रस्ते सोडून, मोठी गावं सोडून
ध्रांगध्रा, पाटडी, राधनपूर,
रापर, आणि तिथून खडीर बेटाकडं जाणारा सरळ रस्ता.
वळण नाही म्हणतात. दोन्हीकडं नुसतं पांढरं.

समोरचे शेवाळे म्हणाले, दोन दिवसांत होतं हो,
आमचा जावई एका दमात गेला,
फक्त डिझेलला थांबला.
मी त्यांना चहा दिला.

वहीत मी रकाने आखलेत:
गाव, अंतर, जेवण, संडासाची सोय,
आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडं एकच आकडा: चार.
चारच्या आत गाडी उभी.
ऋत्विज फोनवर विचारतो, एवढं हळू का?
"आईचे गुडघे," मी सांगतो.
हेमांगी मेथी निवडता निवडता
गुडघ्यावर हात ठेवते, आळ स्वीकारल्यासारखा.
समोरून येणाऱ्या दिव्यांना हल्ली काटे फुटतात,
डाव्या डोळ्यात जास्त,
हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिला ठाऊक नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

प्रेसमध्ये चौतीस वर्षं मी कागद तपासला.
भिंगाखाली. रेघ तुटलीय का,
शाई फुटलीय का, आकडा केसभर सरकलाय का.
दोष सापडला की तो दिवस चांगला.
ती नजर संध्याकाळी सायकलवरून घरी यायची माझ्याबरोबर:
भाकरीचा काठ, चादरीची सुरकुती,
ऋत्विजचं प्रगतिपुस्तक.
त्या पोरानं एकदा चित्र काढून आणलं होतं,
मी म्हणालो होतो, सूर्य वाकडा आहे.

आता एक असा कागद बघायचाय
ज्यावर अजून काही छापलेलंच नाही,
भिंग कुठं टेकवावं
तेच कळू नये.

हे मी मोठ्यानं बोललो बहुतेक.
"तिथंही काढाल," ती म्हणाली,
"मीठ सारखं पसरलेलं नाही म्हणाल."
आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन
अकराव्या दिवसापुढं लिहिलं: काही नाही.
अंतर नाही, गाव नाही, चार नाही.
मी खोडरबर शोधला. सापडला नाही,
बरं झालं.

रविवारी रंगीत तालीम, सिन्नरपर्यंत, चाळीसच्या वेगानं.
ट्रकवाले भोंगे वाजवून थकले,
उसाचा ट्रॅक्टरसुद्धा पुढं निघून गेला,
त्यावरच्या पोरानं मागं वळून आम्हाला हात केला.
सिन्नरला चहा. डिकीत शेंगदाण्याची चटणी, स्टोव्ह,
माझी कानटोपी, तिच्या गोळ्या, जॅक.
साडेतीन वाजत आले तसा मी घाईनं उठलो.

हेमांगी माझ्या बाजूच्या दारापाशी उभी.
"किल्ली द्या."
दत्त मंदिर चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, म्हणाली,
महिना झाला जातेय. भाजीच्या वेळेला.
लर्निंग लायसन पर्समध्ये आहे. बघायचंय?
"तो वळण नसलेला रस्ता माझा.
तोवर हात बसायला हवा."

गाडी एकदा बंद पडली. मग निघाली.
दुसरा गिअर टाकताना खरखर झाली,
मी ऐकली.
खिडकीतून बाहेर बघत राहिलो.