उष्टावण

तोल्मेत्सोहून निघताना
बाबांनी बाराव्यांदा मोजले कागद
आणि तेराव्यांदा मोजलं मला.
मी नऊ वर्षांची, विमानाच्या काचेला गाल लावून
खालचं पांढरं बघत होते.
त्या पांढऱ्यात कुठेतरी एक भाऊ होता,
दाउरेन, साडेतीन वर्षांचा,
फोटोत भुवयांपर्यंत टोपी ओढलेला.

कोकशेताऊत आमची खोली चौथ्या मजल्यावर.
बाहेर उणे तीस,
आत नळांतून अशी वाफ खेळायची
की आई खिडकी उघडून झोपे.
उशाला वही, साठ रशियन शब्दांची :
भूक, शू, दुखतंय का, ये इकडे.
मुलाला येत होतं कझाक.
हे पहिल्याच दिवशी कळलं.

रोज दोन तास. चौदा दिवस.
गालिच्याच्या खोलीत तो पाठमोरा बसायचा
आणि आम्ही तिघं त्या पाठीकडे बघत
वेड्यासारखे हसायचो.
मिश्यांना भीत असेल, म्हणून बाबा
चौथ्या दिवशी मिश्या काढूनच आले.
त्यानं ढुंकून पाहिलं नाही.
रडले मीच,
माझे बाबा कुठे गेले म्हणून.

त्या रडण्याला भुलला बहुधा.
लाकडी कडी पायानं सरकवली माझ्याकडे,
अनोळखी मांजराला द्यावी तशी.
सौले, आमची दुभाषी, म्हणाली, नाव सांग.
नीवेस, म्हटलं. आजीचं नाव. अर्थ हिम.
तिनं त्याला सांगितलं.
तो खिडकीबाहेर बघू लागला,
मग माझ्याकडे,
मग परत बाहेर :
एवढं सगळं हिचं?
"कार," म्हणाला. त्यांच्यात हिमाला कार म्हणतात.
अजून फोन उचलला की तेवढंच म्हणतो.

न्यायाधीशबाईंनी आईला विचारलं, बाबांना विचारलं,
मग चष्मा खाली सरकवून मला :
तुला हवाय का हा?
मी खरं तेच बोलले : माहीत नाही.
सौलेनं भाषांतर केलं.
माझे शब्द दोन, तिचे चांगले विसेक.
बाई हसल्या, शिक्का उचलला.
त्या विसांत काय होतं
ते मी कधी विचारलं नाही.
सौलेचा पत्ता होता माझ्याकडे, तरी.

निघायच्या दिवशी त्याचे कपडे तिथेच राहायचे होते,
गंजी, पायजमा, लोकरीचे मोजेसुद्धा.
दुसरं पोर त्यांची वाट बघत होतं.
घटकाभर तो नुसता उभा,
दोन्ही हात पोटावर,
ना त्यांचा, ना अजून आमचा.
आईनं आणलेले बूट दोन बोटं मोठे निघाले.
फोटोवरून पाय कुठे मोजता येतो!
मी माझे मोजे काढून त्याच्या बुटांत कोंबले
आणि विमानतळापर्यंत तशीच गेले.
त्यागबिग काही नव्हे,
सगळ्यांनाच घाई होती.

रौशन-आपा त्याला रात्री निजवायची.
ती रडली नाही.
तिनं गोल पाव आणला, गरम,
त्याच्या तोंडाशी धरला. चाव.
त्यानं चावला.
उरलेला तिनं काढून घेतला,
रुमालात बांधला, कपाटात ठेवला, किल्ली फिरवली.
आईला वाटलं, पोराच्या तोंडचा घास काढला.
सौले म्हणाली, निघणाऱ्याचं उष्टं इथे जपतात,
उरलेलं खायला माणूस परत येतो.
आईनं त्याला इतकं आवळलं
की तो ओरडला.

आता तो उदिनेत बस चालवतो.
तो पाव आठवत नाही म्हणतो. असेलही.
पण रविवारी जेवून उठताना
ताटात एक तुकडा राहतोच, दातांची नक्षी असलेला.
आई तो टाकत नाही.
कागदात गुंडाळते, डब्यात ठेवते,
कोणाशी काही बोलत नाही.
पुढच्या रविवारी तो येतो,
डबा उघडतो, दगड झालेला तुकडा टेबलावर आपटून बघतो,
आई, हे काय गं,
आणि ताज्या पावाला हात घालतो.