काडी तपासणी

काटा एकशेवीसवर जाऊन थांबतो.
त्यापुढचं त्याला माहीत नाही.
मालनबाई खाली उतरतात, चप्पल पायात सरकवतात,
म्हणतात, भावाकडे दिंडोरीला द्राक्षाचे क्रेट मोजतात ना,
त्या काट्यावर बसले होते मी, गेल्या माघात.
एकशे चौतीस भरले.
कामावरच्या बाया दुसरीकडे बघत होत्या,
म्हणजे बघतच होत्या.

मी फाईल उघडते. साखर, रक्तदाब, गुडघ्यांची फिल्म.
झोपेत श्वास अडतो, तासाला एकतीस वेळा.
नवरा म्हणतो, मी जागा असतो
पुढचा येईपर्यंत.
कागदावर सगळं बसतं.
कागदावर बसतं म्हणून काय झालं.

नोकरी?
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये. शीट मोजते.
एक जरी कमी भरली
तरी अख्खी पाळी थांबते, कोणी घरी जात नाही.
तेवीस वर्षं झाली. माझ्या हातून एकही नाही.
हे सांगताना त्या पहिल्यांदा
खुर्चीला पाठ टेकतात.

मी टेबलावरचा कप पुढे सरकवते, कटिंगचा.
ऑपरेशननंतर पोट एवढं.
घास बारीक, सावकाश. जेवताना पाणी नाही.
गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी जन्मभर.
काही महिने केस गळतील. कातडी सैल पडेल,
तिला कोणी टाळ्या वाजवत नाही.
त्या कपात बघत राहतात.
"आईची एक पळीसुद्धा मावायची नाही हो यात."
हसतात. मग हसायचं थांबतात.

भाऊ सोबत आलाय, टोपी गुडघ्यावर.
त्याला तारीख हवीय.
"छाटल्याशिवाय घड धरत नाही, मॅडम."
खरंय. पण ऑक्टोबरची छाटणी घेण्याआधी
तुम्ही काड्या लॅबला पाठवता ना?
डोळा चिरून भिंगाखाली बघतात,
आत घड आहे की नुसताच पाला.
"पाठवतो," तो म्हणतो. जरा वेळाने:
"एका वर्षी नव्हत्या पाठवल्या."
त्या वर्षाचं पुढे काही सांगत नाही.
गंगापूर रोडवर कुणीतरी उगाच हॉर्न वाजवत राहतं.

माझ्याकडे दुर्बीण आहे, जठराच्या तळापर्यंत जाते.
पण तो डोळा मला कुठे चिरता येतो?
मी मालनबाईंना वही देते. दोनशेपानी, साधी.
काय खाल्लं ते लिहा.
आणि त्याच्या आधी काय झालं, तेही.

कार्तिकात त्या परत येतात, एकट्याच.
अक्षर सुबक. प्रत्येक पानाला आकडा, वर्तुळात.

*रात्री पावणेतीन. अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी.
भूक नव्हती. आधी काही झालं नाही.
सगळे झोपलेले होते, एवढंच.*

*पुतणीचा साखरपुडा. ताटावर बसले नाही,
लोक घास मोजतात.
घरी येऊन जेवले. दोनदा.*

*आज उठले, पण खाल्लं नाही. गच्चीत बसले.
थंडी होती. हे उठले, शाल देऊन गेले,
बोलले काही नाही.*

मी पानं उलटते. पंधरा, सोळा, सतरा.
एकोणीस.
परत मागे जाते. सतरा. एकोणीस.
एक कमी आहे, मी म्हणते.
"मोजलंत?"
त्या माझ्याकडे बघतात, सरळ,
या टेबलापाशी आल्यापासून पहिल्यांदा.

फाईलवर मी पेन्सिलीने एक महिना लिहिला होता
त्या यायच्या आधी. शाई घातली नव्हती.

पर्सची चेन उघडते. आत चार घड्यांचा कागद,
कडा मऊ पडलेल्या, बरेच दिवस हातात फिरलेला.
"हे आधी वाचा," त्या म्हणतात,
"मग काय ते सांगा.
नाही म्हणालात तरी चालेल."

मी दार लोटून घेते.
बाहेर सांगते,
पुढच्या पेशंटला थोडं थांबवा.