एकाच फ्रीजमध्ये

बाबांनी ठेवून घेतलं घर, बोट, कुत्रा
आणि टीव्हीसमोरची ती खुर्ची,
जिच्यात त्यांच्याच मापाचा खड्डा पडला होता.
आईनं घेतलं आम्हा दोघांना, तिच्या आजीचा बिडाचा तवा
आणि एक लांबुडकी गाडी, जिचं उजवं दार
आतूनच उघडायचं, तेही लाथ घातल्यावर.

"अलाबामात जुलैमध्ये रडण्यात अर्थ नाही,
लोकांना तो घामच वाटतो,"
असं आई म्हणाली, मोठ्यानं,
आम्हाला नव्हे, बहुधा स्टिअरिंगला.

पिकेट्स बेंडला गाडी बंद पडली,
म्हणून आम्ही पिकेट्स बेंडचे.
कुणी विचारलंच तर आई सांगे, "हवा आवडली इथली."
हवा अशी, की वाटीत घ्यावी
आणि चमच्यानं खावी.

मिस युलालीचं दुकान नदीकाठी:
गळ, दोरे, शिशाचे गोळे, जिवंत गांडुळं.
मागची खोली भाड्यानं.
वय सत्त्याहत्तर, दात स्वतःचे, मतंही स्वतःची.
आईला तिनं नखशिखान्त न्याहाळलं.
"नवरा?"
"होता."
"मग ठीक," म्हणाली, आणि किल्ली फेकली.

फ्रीज एकच.
खालच्या कप्प्यात गांडुळं, पांढऱ्या गोल डब्यांत, ओल्या मातीत.
वरच्या कप्प्यात आईचं केळ्याचं पुडिंग,
तेही पांढऱ्या गोल डब्यांत,
कारण डबे मिस युलालीकडे फुकट होते
आणि आमच्याकडे फुकटाशिवाय काही नव्हतं.
झाकणांवर नावं मी लिहायची. अक्षर माझं चांगलं.
पण माझा भाऊ वेंडेल, वय वर्षं पाच,
त्याला वाटलं, गांडुळांनी का म्हणून नेहमी खाली राहायचं?

रविवारी चर्चमागच्या गवतावर लांबच लांब टेबलं.
तळलेली कोंबडी, भेंडी, मक्याचा पाव,
डीकन हॉलिस यांनी डोळे मिटून केलेली प्रार्थना
(बटाटे गार होईपर्यंत),
मग आमेन,
मग त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलेला डबा.

त्या किंकाळीबद्दल अजून मतभेद आहेत.
बायका म्हणतात ती डीकनची.
डीकन म्हणतात ती बायकांची.

आईनं ऐकलं आणि सामान भरायला घेतलं.
तवा, चादरी, आमचे दोन दोन बूट.
बोलली नाही.
गाडीच्या दाराला बाहेरून लाथा घालत राहिली,
ते उघडणार नाही हे माहीत असूनही.

तेवढ्यात नदीकडून तिघं मासेमार आले.
पहाटे पाचला डबे घेऊन गेलेले,
मिशांना पिवळं काहीतरी लागलेलं.
मासा एकही नाही मिळाला, त्यांतला थोरला म्हणाला,
टोपी काढून, देवळात काढावी तशी.
"पण बाई, तीच गांडुळं
अजून सहा डबे मिळतील का?"

आई पायरीवर बसली.
आधी खांदे हलले. मग ती सगळीच हलली.
हसत होती की काय, ते वेंडेलला कळेना,
तो येऊन तिच्या तोंडाला हात लावून बघायला लागला.
ओलं होतं.
जुलै होता. घामच असणार.

संध्याकाळी चर्चच्या बायका आल्या, तिघी, टोप्यांसकट.
"देव तुझं भलं करो गं," पहिली म्हणाली,
तिकडे हे कशाही अर्थानं म्हणतात,
शिवी म्हणूनसुद्धा.
आई उठून उभी राहिली, पदर असता तर खोचला असता.
"शनिवारी लग्न आहे," दुसरी म्हणाली. "चाळीस डबे."
तिसरी नुसती आत वाकून
फ्रीज बघत होती.

आता झाकणं लाल आहेत.
दुकानाच्या पाटीवर पुडिंग वर, गांडुळं खाली,
वेंडेलचा याला अजूनही विरोध आहे.
ती गाडी मागच्या अंगणात उभी, आत कोंबड्या राहतात,
उजव्या दारानं ये-जा नाही.
आणि मी, आता एवढी मोठी झाले तरी,
पहिला घास घेण्याआधी
चमच्यानं जरा ढवळून बघते.