भाग चौथा, फक्त आवाज

ओशियननं जोडून दिलंय ते यंत्र.
'सातवी कक्षा', तेवीस वर्षांचे सगळे भाग, अगदी पहिल्यापासून.
संध्याकाळचा चहा झाला की मी दोन बघते.
खिडकीबाहेर ब्लायनायचा पाऊस,
तो इथे पाहुणा नाही, घरचाच,
आला काय, गेला काय, कुणी उठून बघत नाही.

नातू हसतो.
आजी, यानाची भिंत हलतेय बघ.
हलतेय खरी.
आणि आपोआप उघडणाऱ्या दारामागे
दोर ओढणाऱ्या माणसाची बोटंही दिसतात, चार.
तेव्हा नव्हती दिसली.
तेव्हा टीव्ही एवढासा, त्यात डोंगर आडवा,
चित्रावर कायम मुंग्या.
त्या मुंग्यांतून आम्ही ग्रह ओळखायचो.

कप्तान आता मला पोरसवदा वाटते.
बत्तीस-तेहतीसची असेल.
हात पाठीशी, हनुवटी वर,
असं उभं राहायला मी तिच्याकडून शिकले
आणि सहकारी दुकानाच्या काउंटरमागे
एकतीस वर्षं तशीच उभी राहिले,
उधारी मागणाऱ्यांसमोर, कधी नवऱ्यासमोरसुद्धा.
आता तिलाच सांगावंसं वाटतं,
बाई गं, जरा पड.
तिसऱ्या वर्षापासून तुला झोपलेली पाहिली नाही कुणी.

अकरावं वर्ष जवळ आलं
तशी मी रोज एकच भाग बघू लागले.
मग एक दिवसाआड.
बरणीच्या तळाशी आलेला मुरंबा
पुरवून खावा तसा.

त्या वर्षी ते इथे आले होते, दोन ट्रक घेऊन.
आमची पाटीच्या दगडाची खाण
त्यांना परका ग्रह म्हणून हवी होती.
रंगसुद्धा द्यावा लागला नाही तिला.
खाणीत तेव्हा आठवड्याला तीनच दिवस काम,
त्यामुळे माणसंही आयती मिळाली.
दिवसाला चार पौंड, वर जेवण.

वडील रात्री रुपेरी चेहऱ्यानंच घरी आले.
आईनं दार उघडलं, नीट पाहिलं, म्हणाली,
कुठल्याही ग्रहावरून आलात तरी बूट बाहेर काढा.
कानामागचा रंग रविवारी चॅपेलमध्येही तसाच होता.
उपदेशकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पण तो भाग लागला त्या शनिवारी
वडील नेमके कोळसा आणायला परसात गेले,
लाजून, मला आता कळतं,
आणि मी त्यांना बोलवायला धावले.
येईपर्यंत झालं होतं.
आई म्हणाली, डावीकडून तिसरे,
गुडघ्यात जरासे वाकलेले.

एवढ्या शिदोरीवर मी परवा बसले.

पडदा काळा.
वर दोन पांढऱ्या ओळी:
या भागाची चित्रफीत पुसली गेली आहे.
एका प्रेक्षकाने घरी टेपवर घेतलेला आवाज तेवढा उपलब्ध.

पुढचा लावू का? ओशियननं विचारलं.
राहू दे म्हटलं.

कुणाच्या तरी घरातलं घड्याळ टिकटिकतंय.
कप्तान म्हणते, इथे जिवंत असं काही नाही.
मग पावलं.
पाटीचा चुरा पायाखाली कसा वाजतो
ते मला कुणी सांगायला नको.
दहा-बारा माणसं एका चालीत,
एक पाऊल जरा मागाहून.

आणि खोकला.
दोनदा.
मग दाबून धरलेला, मग सुटलेला तिसरा.

त्या लोकांना फुप्फुसंच नसतात,
दुसऱ्या भागात स्पष्ट सांगितलं होतं.
कप्तान क्षणभर अडखळते.
काय होतं ते? विचारते,
संहितेत नसणार हे.
आणि तिचा सोबती, भला माणूस,
सांभाळून घेतो:
वारा असेल.

कंपनीच्या डॉक्टरनंही पुढे कागदावर
असंच काहीतरी लिहिलं.

जिन्यालगतच्या भिंतीपलीकडून
हाच खोकला ऐकत मी वाढले.
तो थांबला की झोप उडायची.

मागे घे, मी ओशियनला म्हटलं.
अजून.
अजून थोडं मागे,
ते चालायला लागतात तिथपासून.